एक पेरायला, एक चघळायला, एक मालकाला

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधली कुळं पिकाचा हिशेब एका म्हणीत सांगत: एक पेरायला, एक चघळायला आणि एक मालकाचा खंड भरायला. म्हणजे एक पायली ओट पेरला की तीन पायल्या घरी येणार. त्यातली एक पुढच्या वर्षाचं बी म्हणून बाजूला काढायची, एक जमीनदाराला मोजून द्यायची आणि उरलेल्या एकीवर घरादारानं वर्ष काढायचं. साल बरं गेलं तर चार पायल्या येत. दोनच आल्या तर बियाण्याला हात लावता येत नसे आणि खंडही सुटत नसे. कमी पडायचं ते चघळायचं धान्य.

गुरांची अवस्था याहून वाईट. चारा म्हणून गवत पेरायची पद्धत नव्हती. पाणथळ जागेतलं रानगवत आणि ओटाचा पेंढा एवढ्यावर जनावरं हिवाळा काढत. मार्च-एप्रिल येईपर्यंत ती इतकी खंगत की गोठ्यातून स्वतःच्या पायांनी बाहेर पडणं जमत नसे. मग शेजारीपाजारी जमायचे, एकेका गाईला धरून उठवायचे आणि कुरणापर्यंत नेऊन उभं करायचे. या कामाला त्यांच्या बोलीत नावच पडलं होतं, 'उचलणी'. पेरणीची नांगरट नेमकी त्याच दिवसांत असायची आणि नांगरालाही असलेच उपाशी बैल जुंपायचे.

या शेतीत एक वर्ष बुडालं तर कर्ज काढून, गुरं विकून तरून जाता येई. १६९५ ते १६९९ मध्ये ओळीनं वर्षं बुडाली. उन्हाळे थंड आणि ओले गेले, ओट शेतात पिकलाच नाही. उपासमार, साथी आणि देशांतर यांत स्कॉटलंडची लोकसंख्या पाच ते पंधरा टक्क्यांनी घटली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पाठोपाठ पनामाच्या दारिएनमध्ये वसाहत करायचा बेत फसला आणि देशाचं भांडवल त्यात बुडालं. १७०७ मध्ये स्कॉटलंडची संसद इंग्लंडच्या संसदेत विलीन झाली. सरदार-जमीनदार लंडनला ये-जा करू लागले. वाटेत इंग्लंडची शेतं दिसत, गहू दिसे, गुबगुबीत गुरं दिसत. आपल्या इस्टेटीचं उत्पन्न आणि तिथल्या इस्टेटीचं उत्पन्न यांतली तफावत आता कागदावर मांडता येत होती.

८ जून १७२३ ला एडिंबरामध्ये यांपैकी काही जण एकत्र आले आणि 'स्कॉटलंडमधील कृषिज्ञानाच्या सुधारकांची सन्माननीय संस्था' स्थापन झाली. युरोपातल्या अगदी पहिल्या शेतकी सुधारणा मंडळांपैकी हे एक. डब्लिनची प्रसिद्ध संस्था निघाली १७३१ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनंतर. सभासद वाढत वाढत तीनशेच्या वर गेले. ड्यूक, अर्ल, न्यायाधीश, वकील, मध्यम जमीनदार असे सगळे त्यात होते. ज्याच्या हातात नांगराचा रुमणा होता तो मात्र अपवादानंच असेल. ही उणीव पुढे फार महागात पडली, तिच्याकडे येईनच.

संस्थेच्या धुरीणांपैकी एक होता थॉमस होप, रँकेलरचा जमीनदार. इंग्लंड, फ्रान्स आणि नेदरलँड्समध्ये हिंडून त्यानं तिथली शेती पाहिली होती. एडिंबराच्या दक्षिणेला एक मोठा तलाव होता. एके काळी शहर त्याचंच पाणी पीत असे, पण तोवर त्याची दलदल झाली होती. १७२२ मध्ये होपनं तो ५७ वर्षांच्या करारानं घेतला. अटी अशा, की पाणी काढून टाकायचं, भोवती २४ फूट रुंदीचा फिरायचा रस्ता करायचा, कडेनं कुंपण आणि लिंडनची झाडं लावायची आणि निचऱ्यासाठी कालवे खोदायचे. एडिंबरात आज 'मेडोज' नावाचं विस्तीर्ण हिरवं मैदान आहे ते हेच. तळ्याच्या जागी कुरण काढून दाखवणं ही त्या काळात सुधारणेची सर्वांत ठळक जाहिरात होती. पण तळाची माती निचऱ्याला इतकी वाईट होती की जमीन पुरती कोरडी व्हायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. निचऱ्याचं काम असंच असतं. चर खोदला की पहिल्या वर्षी पाणी हटतं, मग चर गाळानं भरतो, आणि दरसाल उपसायला पैसा व माणूस नसेल तर चार-पाच वर्षांत जमीन मूळ पदावर येते.

संस्थेचं माझ्या मते सर्वांत मोलाचं काम म्हणजे तिची पत्रं. सभासदानं आपल्या जमिनीचं वर्णन लिहून पाठवायचं. माती कोणती, चिकण की वाळूसर की शेवाळी, उतार कुठे, पाणी कुठे साचतं, आधी काय पेरलं होतं, जवळपास चुनखडी मिळते का, शेणखत किती निघतं. मग मंडळानं त्यावर विचार करून लेखी सल्ला द्यायचा. हे सगळं दफ्तर सांभाळलं ते चिटणीस रॉबर्ट मॅक्सवेल यानं. दक्षिणेकडच्या कर्कूब्री परगण्यातल्या अर्कलंडचा हा जमीनदार एडिंबराजवळ क्लिफ्टनहॉल इथे सुमारे १३० एकर खंडानं घेऊन स्वतः प्रयोग करत होता. १७४३ मध्ये त्यानं या प्रश्नोत्तरांतली निवडक प्रसिद्ध केली. शेतीवर त्याआधीही ग्रंथ होते, पण ते 'उत्तम शेती कशी करावी' हे मोघम सांगत. इथे पहिल्यांदा 'या शेतात, या मातीत, काय करावं' असं विचारलं जात होतं. कृषी अधिकाऱ्याकडे मातीचा नमुना घेऊन जाण्याची आजची रीत ज्यांना माहीत आहे त्यांना यातलं महत्त्व सांगायला नको.

सल्ला देणाऱ्यांपुढचं काम किती अवघड होतं हे कळायला जुनं शेत जवळून पाहावं लागतं.

गावाची जमीन दोन भागांत असे, घराजवळची आणि लांबची. गावातलं सगळं शेणखत जवळच्या जमिनीला. तिचे साधारण तीन तुकडे करायचे. एका तुकड्याला खत घालून बेअर, म्हणजे जवाचा एक काटक वाण पेरायचा, आणि पुढची दोन वर्षं ओटावर ओट. विश्रांती नाही. लांबच्या जमिनीच्या वाट्याला खत येत नसे. उन्हाळ्यात रात्री गुरं तिथे कोंडून बसवायची, आपल्याकडे शेतात मेंढरं बसवतात तशी, आणि त्या तुकड्यावर तीन-चार-पाच वर्षं ओट काढत राहायचं. टाकलेलं बीही वसूल होईना झालं की तो तुकडा सोडून द्यायचा. मग तिथे आपसूक काय उगवेल तेच कुरण.

शेत सपाटही नसे. लांबच लांब, मध्ये फुगीर असे गादीवाफे असत, वीस ते चाळीस फूट रुंद. त्यांना 'रिग' म्हणत. नांगराचा तास दर वर्षी मध्याकडे उलटवत गेल्यानं पिढ्यान्‌पिढ्या माती माथ्यावर चढत गेली होती. काही ठिकाणी माथा शेजारच्या सरीपेक्षा हात-दोन हात उंच. सरीत पाणी तुंबे आणि दोन रिगांमधल्या पट्टीत दगड, झुडपं आणि हराळीसारखं चिवट गवत. शिवाय एका कुळाच्या रिगा सलग नसत. एक याची, एक त्याची, मग परत याची. चांगली-वाईट जमीन सगळ्यांना सारखी मिळावी म्हणून ही वाटणी होती, आणि त्या न्यायानं ती योग्यही होती. पण शेजाऱ्याच्या रिगेतलं पाणी आणि तण आपल्याकडे येणारच, आणि शेजाऱ्याआधी पेरलं तर त्याची गुरं आपलं पीक खाणारच.

या रिगा नांगरायला जो नांगर होता तो बहुतेक लाकडाचाच, अवजड. त्याला आठ बैल, कधी बैल-घोडे मिळून बारा. एक जण रुमण्याला, एक बैलांसमोर तोंड करून उलटा चालत त्यांना हाकणारा, एक नांगराच्या दांड्यावर भार देणारा आणि मागून एखादा फावड्यानं ढेकळं सारखी करणारा. दिवसाकाठी जेमतेम अर्धा एकर. आठ बैलांची ती लांबलचक माळ बांधाशी एकदम वळत नसे, म्हणून बरंच आधीपासून तिरपं जायला सुरुवात करायची. तेच तास शतकानुशतकं पडत गेल्यानं रिगांना दोन्ही टोकांना बाक आला, ताणलेल्या 'S' अक्षरासारखा.

आता सुधारक म्हणाले, या रिगा मोडा, शेत सपाट करा. बरोबरच होतं ते. पण घाईनं मोडलं की काय होतं? माथ्यावरची माती शेकडो वर्षं खत खाल्लेली, काळी. सरीखालची माती पांढरट, घट्ट, तिला हवा लागलेलीच नाही. एका हंगामात माथा सरीत लोटला की काळी माती खोल पुरली जाते आणि माथ्याच्या जागी मेलेली माती उघडी पडते. पुढची दोन-तीन वर्षं पीक पट्ट्यापट्ट्यांचं येतं. पूर्वीच्या सरीवर माजलेलं आणि लोळणारं, पूर्वीच्या माथ्यावर पिवळं. शिवाय जुन्या सऱ्या बुजल्यानं निचऱ्याची जी काही वाट होती तीही बंद. म्हणून आधी बंदिस्त चर, म्हणजे खड्डा खोदून तळाशी दगड भरून वर माती, मग दर वर्षी थोडी थोडी माती सरकवत सपाटी, आणि उघड्या पडलेल्या पट्ट्याला जास्तीचं खत. ज्यांनी हा क्रम पाळला नाही त्यांच्या शेतांकडे बोट दाखवून कुळं म्हणत, पाहा, सुधारणा. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

दुसरा मोठा सल्ला जमीन एक वर्ष पेर न करता नांगरत ठेवण्याचा. स्कॉटलंडमध्ये याची सुरुवात कोणा सरदारानं केली नाही. ईस्ट लोदियनमधल्या बीन्स्टनच्या जॉन वॉकर नावाच्या कुळानं केली, हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. इंग्लंडहून आलेल्या पाहुण्यांशी बोलताना त्याला ही गोष्ट कळली आणि त्यानं सहा एकर जमीन एक उन्हाळाभर रिकामी ठेवली. शेजाऱ्यांना वाटलं याच्याकडे बियाण्याला पैसे उरले नाहीत, हा बुडाला. पुढच्या वर्षी गहू असा आला की त्यानं मोकळ्या जमिनीचं क्षेत्र वाढवलं आणि शेजारीही तेच करू लागले.

रीत अशी. सुगीनंतर शरद ऋतूत पहिली खोल नांगरट. थंडीत बर्फानं ढेकळं फुटतात. वसंतात आडवी नांगरट. मग उन्हाळाभर तण हिरवं दिसायला लागलं की नांगर किंवा कुळव, अशा चार ते सहा पाळ्या. प्रत्येक पाळीनंतर गवताच्या मुळ्या वेचून काढायच्या आणि जाळायच्या. शेवटच्या पाळीआधी शेणखत, चुना आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गहू. मोकळ्या पडलेल्या, हलवलेल्या मातीत हवेतले 'नायट्रस क्षार' उतरतात असा त्या काळचा समज होता. कारण वेगळं होतं. मातीतला सेंद्रिय अंश कुजून त्यातला नत्र पिकाला मिळण्याजोगा होतो आणि तणाचा साठा संपतो. पण कारण चुकीचं असलं तरी कृती बरोबर होती.

चुकायचं कुठे? पावसाळी उन्हाळ्यात. ओली चिकणमाती नांगरली की ती फुटत नाही, चिखलाचे पट्टे पडून वाळल्यावर विटेसारखी होते. आणि मुळ्यांचे तुकडे ओल्यात पडले की मरत नाहीत, प्रत्येक तुकड्यातून नवं रोप येतं. एका गवताची दहा गवतं करून ठेवायची असतील तर ओल्या जमिनीत कुळव घालावा. आपल्याकडे हराळीच्या रानात पावसाच्या तोंडावर कुळवणी करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

चुन्याची कथाही अशीच. चुनखडी मुठीएवढी फोडायची, भट्टीत दगडी कोळशाचा एक थर, खडीचा एक थर असं रचून भाजायची. भाजताना खडीचं वजन जवळपास ४४ टक्क्यांनी घटतं, म्हणून शेतात न्यायच्या आधी भाजणं वाहतुकीलाही परवडतं. पण कळीचा चुना पाण्याला भुकेला. वाटेत सर आली की तो घोड्याच्या पाठीवरच तापून फुलायला लागतो. शेतात लहान लहान ढीग करायचे, वर ओली माती लिंपायची आणि तो आपसूक भुकटी होईपर्यंत थांबायचं. कोरडी भुकटी झाली की लगेच पसरून त्याच दिवशी कुळवायचा. ढीग उघडा राहून पावसात भिजला तर गवंड्याच्या कामाचा गारा होतो आणि त्याचे गोळे वर्षानुवर्षं मातीत तसेच राहतात.

आंबट, शेवाळी जमिनीत चुना जादू करतो. मातीचा आंबटपणा जातो, साठून राहिलेला सेंद्रिय अंश भराभर कुजतो, पहिली दोन-तीन पिकं डोळे दिपवतात. त्यानं शेतकरी फसतो. आता खत कशाला, असं म्हणून तो ओटावर ओट काढतो आणि सात-आठ वर्षांत जमीन पूर्वीपेक्षा कंगाल होते. चुन्यानं बाप श्रीमंत होतो आणि पोरगा भिकारी, अशी म्हण युरोपात अनेक भाषांत आहे ती यामुळेच. चुना हे अन्न नाही, जमिनीच्या ठेवीतून पैसे काढून देणारी चावी आहे. मधल्या काळात ठेव भरायची तर क्लोव्हरसारखं द्विदल पीक पाहिजे. जवाच्या कोवळ्या पिकात वसंतात त्याचं बी टाकायचं. जव कापला की खाली क्लोव्हर तयार. मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधला जातो हे सिद्ध व्हायला १८८० चं दशक उजाडलं, पण क्लोव्हरनंतर धान्य जोरात येतं हे डोळ्यांना दिसत होतं.

आणि सलगम. हिवाळ्यात गुरांना जगवणारं हे कंद. त्याची नीट बसलेली पद्धत पुढच्या पिढीत आली: सुमारे २७ इंचांवर वरंबे, वरंब्याच्या पोटात शेणखत, जूनमध्ये एकरी दोन पौंडांच्या आसपास बी, आणि रोपं चार पानांवर आली की खुरप्यानं नऊ-दहा इंचांवर विरळणी. बी मोहरीएवढं, म्हणून माती पिठासारखी हवी. पहिल्या दोन पानांवर असताना उड्या मारणारे बारीक काळे भुंगेरे एका आठवड्यात पीक साफ करतात. उपाय एकच, खालचं खत आणि ओल यांच्या जोरावर रोपानं त्यांच्या दाढेतून लवकर सुटणं. विरळणी चुकली तर कंद धरतच नाही, नुसता पाला.

इथपर्यंत सगळं शेतातलं. पण सलगम आणि क्लोव्हर यांची खरी अडचण शेताबाहेर होती. सुगी झाली की सगळ्या गावाची शेतं गुरांना मोकळी, हा जुना हक्क. ज्याच्या शेतात नोव्हेंबरात सलगम उभं असेल त्यानं ते राखायचं कसं? भोवती दगडी बांध घातल्याशिवाय नाही. बांध घालायचा तर विखुरलेल्या रिगा एकत्र करून सलग शेत पाहिजे, म्हणजे गावाची वाटणीच मोडायची. आणि वाटणी मोडली की दहा कुळांच्या जागी दोन राहणार. वाटण्या मोडायला कायद्याचा आधार १६९५ पासूनच तयार होता.

दक्षिणेकडच्या गॅलोवेत हे आधीच सुरू झालं होतं. इंग्लंडला गुरं विकण्यासाठी जमीनदारांनी मोठमोठी कुरणं बांधांनी कोंडली आणि कुळांना बाहेर काढलं. १७२४ मध्ये, म्हणजे एडिंबरात संस्था निघाली त्याच्या पुढच्याच वर्षी, तिथली माणसं रात्री शेकड्यांनी जमू लागली. लांब वासे बांधाखाली घालून ओळीनं उभं राहायचं, इशारा झाला की एकदम रेटा द्यायचा, आणि लांबच्या लांब बांध एका दमात आडवा. बांध सपाट करणारे म्हणून त्यांना 'लेव्हलर' म्हणत. शेवटी सैन्य आणून हा उठाव मोडला. मॅक्सवेलचं अर्कलंड याच मुलखातलं.

संस्थेचे लोक दुष्ट होते असं मला वाटत नाही. चिकण मातीला किती चुना हवा यावर ते मनापासून खपत होते. पण ज्या घरातली चूल विझणार त्या घराचा प्रश्न त्यांच्या टपालात कधी आलाच नसणार, कारण पत्र लिहायचा मान सभासदाला होता.

जी सुधारणा कुळांच्या घरात थेट पैसा घेऊन गेली ती सुतातून. संस्थेनं लिनन कापडाच्या धंद्यासाठी जोर लावला, आणि १७२७ मध्ये मत्स्यव्यवसाय व कारखानदारी यांसाठी सरकारी विश्वस्त मंडळ स्थापन झालं. त्याला वर्षाला ६,००० पौंड मिळत. त्यांतले २,६५० लिननला, तेवढेच हेरिंग मासळीला आणि ७०० लोकरीला. विकायच्या प्रत्येक ठाणावर तपासनिसाचा शिक्का सक्तीचा झाला.

लिननचं झाड म्हणजे आपलं जवस. विदर्भ-मराठवाड्यात तेलासाठी, चटणीसाठी घेतो तेच. फरक पेरणीत. तेलासाठी पातळ पेरायचं म्हणजे फुटवे येतात, बोंडं वाढतात. धाग्यासाठी दाट पेरायचं म्हणजे रोप सरळ, एकदांडी वर जातं. सुमारे शंभर दिवसांनी, बी पुरतं पिकायच्या आत, ते कापायचं नाही, मुळासकट उपटायचं, कारण धागा मुळापर्यंत जातो आणि कापला की तेवढी लांबी गेली. बोंडं विंचरून काढायची, पेंढ्या डबक्यात दगडाखाली सात ते चौदा दिवस कुजवायच्या. दोन दिवस कमी झाले तर साल दांड्याला चिकटून राहते, दोन दिवस जास्त झाले तर धागाच कुजतो. दांडा मोडून पाहायचा. आतली काडी साल सोडून सहज निसटली की बाहेर काढायचं. कोकणात घरात दोर वळणाऱ्यांना अंबाडी कुजवताना हाच अंदाज घ्यावा लागतो. मग वाळवणं, कुटणं, झोडपणं, विंचरणं. धाग्यासाठी आधीच उपटल्यानं पेरण्याजोगं बी घरचं होत नसे, ते हॉलंडहून आणि बाल्टिकच्या बंदरांतून आणावं लागे. तरीही हिवाळ्याच्या रात्री बायका जे सूत कातत त्यातून रोख पैसा येई आणि बऱ्याच घरांचा खंड त्यावर निघे. तीनातला एक वाटा असा थोडा मोकळा झाला.

सगळ्यात कळीची गोष्ट मात्र करार होता. चुना तीन वर्षांनी फळ देतो, निचरा पाच, कुंपण दहा, झाडं चाळीस. आणि बहुतेक कुळांना जमीन वर्षाच्या बोलीवर मिळे. पेशवाईत उपऱ्यानं, म्हणजे जमिनीवर कायमचा हक्क नसलेल्या कुळानं, विहीर का खणली नाही आणि वंशपरंपरेचा हक्क असलेल्या मिरासदारानं का खणली, याला जे उत्तर आहे तेच इथेही आहे. संस्थेच्या सभासदांपैकी हे सर्वांत स्वच्छ कळलं होतं ते ऑर्मिस्टनच्या जॉन कॉकबर्नला. त्यानं १७१८ मध्येच रॉबर्ट वाइट या कुळाला ३८ वर्षांचा करार दिला होता, पुढे एका वर्षाचा खंड भरून दर १९ वर्षांनी नूतनीकरणाच्या हक्कासह. वाइटनं स्वतःच्या पैशानं कुंपणं घातली. त्याच्या घराण्यात पुढे सलगम ओळीत पेरणं सुरू झालं. कॉकबर्न लंडनला खासदार असताना माळी चार्ल्स बेल याला लांबलचक पत्रं लिही, झाडं किती अंतरावर, कुंपण कधी छाटायचं इथपर्यंत. कुळांच्या मुलांना त्यानं इंग्लंडला शेती शिकायला पाठवलं. १७३६ मध्ये ऑर्मिस्टनला त्यानं जी मंडळी जमवली तिच्यात शेतकरीही बसत.

तो बुडाला. लांब मुदतीच्या, कमी खंडाच्या करारांचा फायदा कुळांना झाला, त्याला भांडवल परत मिळायला एक आयुष्य पुरलं नाही. १७४७ मध्ये इस्टेट अर्ल ऑफ होपटनला विकावी लागली. मॅक्सवेलही बुडाला. १७४९ मध्ये दिवाळं, १७५० मध्ये अर्कलंडची विक्री. दुसऱ्यांच्या जमिनींची पाहणी-मोजणी करून तो पोट भरू लागला आणि १७५६ मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्यानं एडिंबरात शेतीवर जाहीर व्याख्यानं दिली. तिथल्या विद्यापीठात शेतीचं अध्यासन निघायला त्यानंतर ३४ वर्षं लागली.

संस्था त्याआधीच संपली होती. १७४५ मध्ये राजघराण्याच्या वादातून स्कॉटलंडमध्ये बंड उसळलं, सभासद दोन्ही बाजूंना विखुरले आणि सभा थांबल्या त्या थांबल्याच. वारसा दुसऱ्यांनी चालवला: १७५५ ची एडिंबरा सोसायटी, १७८४ ची हायलँड सोसायटी. १७६० च्या दशकात जेम्स स्मॉलचा लोखंडी फाळाचा, नीट वळण दिलेल्या पंख्याचा नांगर आला. त्याला दोन घोडे आणि एक माणूस पुरे. आठ बैलांची माळ गेली.

याच हवेत वाढलेली माणसं पुढे आपल्याकडे आली. पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान काढणारा गव्हर्नर जॉन माल्कम स्कॉटिश, १८३८ पासून ते सांभाळणारा डॉ. अलेक्झांडर गिब्सनही स्कॉटिश, एडिंबरात शिकलेला. १८३० मध्ये मुंबईत पश्चिम हिंदुस्थानची कृषी-उद्यान संस्था निघाली. पुण्याचं एम्प्रेस गार्डन आजही त्याच नावाची संस्था चालवते. परदेशी बियाणं, नवे ऊस, नवा कापूस यांची हौस आली. वर्षाच्या बोलीवर कसणाऱ्याचं काय, हा प्रश्न इथेही फार उशिरा विचारला गेला.

स्कॉटलंडच्या डोंगरउतारांवर, जिथं स्मॉलचा नांगर कधी चढला नाही अशा कुरणांत, जुन्या रिगा अजून आहेत. दुपारी दिसत नाहीत. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की गवताखालून एकामागून एक फुगवटे वर येतात, दोन्ही टोकांना बाकदार, आठ बैल जिथून वळायला लागायचे तिथून वळलेले.